अजून आठ दिवस

यंत्र आधी थांबून थांबून टकटकत होतं, भिंतीवरच्या पालीनं चुकचुकावं तसं. खाटेजवळ धरलं तेव्हाही तसंच, नळाजवळ धरलं तेव्हाही तसंच. मग निळा कोट घातलेली दवाखान्यातली बाई दोन पावलं पुढं आली, यंत्राचं तोंड तिनं शांभवीच्या गळ्याकडं वळवलं, आणि ते खवळल्यासारखं करकरायला लागलं. शांभवी नकळत मागं सरकली. मागं भिंत होती. बाईनं यंत्राच्या काचेत बघितलं, मान हलवली. "छान. बरंच उतरलंय. आज घरी जायला हरकत नाही." यात छान काय ते शांभवीला कळेना. खोलीत खाट होती, बादली होती, पडदा होता, त्यांपैकी कशाशी त्या यंत्राचं भांडण नव्हतं. तिला बघून मात्र ते ओरडलं होतं. शिशाच्या डब्यातनं चिमट्यानं काढून दिलेली एक गोळी तिनं गिळली होती, त्याला तीन दिवस झाले होते. गळ्यातली गाठ ऑपरेशननं आधीच काढली होती. मागं काही राहिलं असेल तर ते ही गोळी जाळणार होती. जाळता जाळता काही दिवस तिचे किरण शांभवीच्या अंगातनं बाहेरही फाकत राहणार होते. "घरी लहान मुलगी आहे ना?" बाई म्हणाली, "मग आठवडाभर जपा. कडेवर घ्यायचं नाही, शेजारी झोपायचं नाही, ताट-तांब्या वेगळा. आठवडा झाला की संपलं. मग तुम्ही आमच्यासारख्याच." "मग मी जातो," शांभवी म्हणाली, आणि कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात हे ठाऊक नसलेली ती बाई जराशी हसली.

पुण्याहून कोल्हापूरजवळच्या उचगावपर्यंत शशिधरनं गाडी चालवली आणि शांभवी मागं डाव्या खिडकीला चिकटून बसली. एवढ्याशा गाडीत नवऱ्यापासून जितकं लांब बसता येतं तितकं. तो मधेच आरशातनं बघायचा. "एसी बारीक करू काय?" "नको." "पाणी पायजे?" "हाय माझ्याजवळ." साताऱ्याच्या पुढं कुठंतरी तो म्हणाला, "चला, सुटलीस एकदाची," आणि तिनं "हं" म्हटलं. कशातनं सुटले, हे तिनं विचारलं नाही. बाहेर उसाची शेतं मागं पळत होती. तिला गिरिजाचा हात आठवत होता. पाच वर्षांची झाली तरी गिरिजाला झोपताना आईच्या गळ्यावर हात ठेवायची सवय; बोटांनी चाचपत चाचपत ती झोपेत उतरायची. उन्हाळ्यात एकदा अशीच झोपता झोपता ती म्हणाली होती, "मम्मी, हितं आत गोटी हाय." शांभवी हसली होती. दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभी राहून तिनं आवंढा गिळून बघितला, तेव्हा कातडीखाली काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. तिच्या आज्ञेवाचून, तिच्याच आत. त्या क्षणी तिला जे वाटलं होतं ते पुढं कुणालाच सांगता आलं नाही, कारण तपासणीचा कागद हातात येईपर्यंत ते वाटणं खोडून टाकणारं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडात येऊन बसलं होतं.

ते वाक्य मूळचं डॉक्टरांचं. "हे बघा, कॅन्सरच व्हायचा असेल तर हा झालेला परवडला. चांगला कॅन्सर म्हणतो आम्ही ह्याला." शशिधरनं ते वाक्य विहिरीत पडलेल्या माणसानं दोर पकडावा तसं पकडलं. शाहूपुरीतल्या आपल्या मोटारपंपाच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, बेळगावच्या बहिणीला, फोनवर, रस्त्यात, तो तेच सांगायचा, "चांगला हाय म्हणे, काळजीचं काय न्हाई." शेजारची बायडाबाई बघायला आली आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाली, "माज्या नणंदंला त्यो पोटातला झालता. तीन म्हैन्यांत गेली बघ. तुजा काय, चांगला हाय." आणि शांभवीनं तिला चहा करून दिला. ऑपरेशनच्या टाक्यांवर पट्टी असताना ती चपात्या लाटायला उभी राहिली तेव्हा कुणी तिला बसवलं नाही, कारण चांगल्या कॅन्सरवाल्या बाईला चपात्या लाटायला काय झालं? तिलाही तसंच वाटायचं. ती पोळपाटावर वाकायची, गळ्याची शिवण ताणली जायची, आणि आतनं काहीतरी वर यायचं. मग कुणीतरी आमटीत मीठ कमी आहे म्हणायचं. न्हाणीत जाऊन रडावं तर बाहेरनं गिरिजा दार वाजवायची. गच्चीवर जावं तर सासू खालून हाक मारायची. एका शहाण्या बाईनं आपल्या घरात कुठं उभं राहून घाबरायचं, हे तिला सापडत नव्हतं.

वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून, पंपाचे सुटे भाग ठेवायची खोली होती. शशिधरनं ती रिकामी करून खाट टाकली होती. फरशीला ग्रीसचा वास होता. टाकीशेजारी एक लहानसा संडास-न्हाणी. जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर त्यानं खडूनं रेघ ओढली होती. गिरिजानं तिच्या वर पाऊल टाकायचं नाही. जेवणाचं ताट रेघेवर ठेवलं जायचं आणि तो बाजूला झाला की शांभवी उतरून न्यायची. शिवम्माला हे आवडलं नव्हतं. सासूला शांभवी अत्ती म्हणायची. गुडघ्यांनी बेजार, आवाजानं मात्र खणखणीत बाई. पहिल्याच दिवशी खालून ती मोठ्यानं म्हणाली होती, "आपल्या लिंगायतात शिवाशिव न्हाई गं शांभवी, मनाला लावून घिऊ नगंस. गळ्यात लिंग असल्यावर इटाळ कसला? पर ह्ये औषिदच तसलं निगालं, त्याला काय करायचं!" गल्लीतल्या चार घरांना ऐकू गेलं असेल.

शांभवीनं दार लावलं. खाटेवर बसली. आता पोरीचं तोंड दिसणार नाही म्हणून रडू येईल असं तिला वाटलं होतं आणि रडू आलंही, पण ते गिरिजासाठी नव्हतं. ते आलं तसं येत राहिलं, आवाज करून, नाकातोंडातनं, कुठल्याच शब्दाला न चिकटता. कुणी दार वाजवलं नाही. कुणी पाणी आणलं नाही. मग ते आपोआप थांबलं आणि तिच्या डोक्यात एक वाक्य अखंड उभं राहिलं, मी मरणार. उन्हाळ्यापासून हे वाक्य अर्धंच येत होतं. "मी" आलं की कुणीतरी "चांगला हाय" म्हणून त्याचं शेपूट कापायचं. आज ते पूर्ण आलं, तिनं ते पूर्ण ऐकलं, आणि नवल म्हणजे तिचे खांदे सैल झाले. जबडा सैल झाला. तोंडात त्या गोळीनं आणलेली कळकट चव होती, तीसुद्धा आपलीच वाटली. ती आडवी झाली. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं एक लहान विमान घरांवरनं इतक्या खालनं गेलं की पत्रा थरथरला, आणि त्या थरथरीत ती झोपली.

मग दिवस असे जाऊ लागले की तिला लाज वाटावी. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची, आता ती जन्मभर घ्यायची होती. मग खुर्ची गच्चीवर ओढून बसायचं. मिरजेकडं जाणारी गाडी रुळांवरनं जायची. लांब उसाच्या वर धुराची एक काठी उभी असायची. कुणी विचारत नव्हतं, आणि विचारत नव्हतं म्हणून ती विचार करत होती. पुन्हा झालं तर. फुप्फुसात गेलं तर. कधी भीती वाटायची. पण ती भीती तिची एकटीची होती, कुणाला समजवायची नव्हती, लपवायची नव्हती, तिच्यापायी कुणाला चहा करून द्यायचा नव्हता. तिला कबनूरचं माहेर आठवायचं. खाली अप्पांचे यंत्रमाग, वर दोन खोल्या. मागांचा खडखडाट इतका की घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची आणि बोलणं संपलं तरी तोंडं ओरडल्यासारखीच राहायची. मधेच कधी वीज जायची. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे, आणि कानात बोटं घातल्यासारखी शांतता पडायची. तेव्हा तिची आई, अव्वा, हातातलं काम आहे तसं सोडून भिंतीला टेकून बसायची, मांडीत हात टाकून. काही बोलायची नाही. लहान शांभवी जवळ गेली तर अव्वा तिच्याकडं बघायची, पण ओळख नसल्यासारखी, रस्त्यातल्या कुणा पोरीकडं बघावं तशी. वीज आली की अव्वा उठायची आणि पुन्हा तिची अव्वा व्हायची. त्या नजरेची शांभवीला भीती वाटायची. आता गच्चीवर बसल्यावर तिला वाटलं, आपण आत्ता कुणाकडं बघितलं तर आपली नजर तशीच असेल.

गिरिजा रोज रेघेपाशी यायची. "मम्मी, मी जेवलो." "काय जेवलीस?" "भात. मम्मी, पप्पा म्हणतात तुझ्या अंगात लाईट हाय." "हाय की." "मग अंधारात तू दिसतीस?" "न्हाई गं. दिसण्यासारखा न्हाई तो." "मग कशाला हाय?" पोरीच्या भांगातनं तेलाचा ओघळ कपाळावर आला होता. तिला तो पुसायचा होता, तळहात अक्षरशः शिवशिवत होता, आणि त्याच वेळी, त्याच तळहातात, कुणी काही मागत नाही याचं सुख होतं. दोन्ही खरं होतं. गिरिजा गेली की ती खोलीत परतायची आणि दार लावताना आवाज होऊ नये म्हणून कडी हलकेच सरकवायची, चोरासारखी.

आठवडा भरला त्या संध्याकाळी शशिधर रेघ ओलांडून वर आला. दारात उभा राहिला. हातात धुतलेली चादर. "उद्यापास्नं खाली न्हवं? गिरूनं कालपास्नं डोकं खाल्लंय." तो हसत होता. शांभवीनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं, आणि तोंडातनं आलं, "अजून आठ दिवस." तिनं हे ठरवलं नव्हतं. निदान नंतर तिनं स्वतःला तसंच सांगितलं. "अजून? ते का?" "दुपारी फोन आलता दवाखान्यातनं. जरा जास्त दिसलं म्हणे." शशिधरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं थिजलं, खालून चेहरा निघून गेला आणि हसू वर तसंच राहिलं. "जास्त म्हणजे? काय जास्त?" "ते काय सांगितलं न्हाई." तो उंबऱ्यावर बसला, चादर मांडीवर घेऊन. त्याची बोटं चादरीचा काठ चुरगळत होती. इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदाच त्याला घाबरलेलं बघितलं. तो "चांगला हाय" म्हणाला नाही. आणि शांभवीच्या पोटात काहीतरी गोड, वाईट असं पसरलं. घे, तिला वाटलं. बघ एकदा कसं असतंय. दुसऱ्याच क्षणी तिला तो केविलवाणा दिसला आणि ती म्हणाली, "काळजीचं काय न्हाई हो," म्हणजे त्याचंच वाक्य तिनं त्याला परत दिलं. "व्हय," तो म्हणाला. उठला. जिन्यावर त्याची पावलं मधेच थांबली, बराच वेळ वाजली नाहीत, मग पुन्हा वाजली.

पण चोरून घेतलेल्या दिवसांची चव पहिल्या दिवसांसारखी लागेना. ती तशीच खुर्ची ओढून बसायची, गाडी जायची, विमान उतरायचं, पण कान खाली असायचे. खाली घर चाललं होतं. कुकरच्या शिट्ट्या वेळेवर व्हायच्या. शाळेची रिक्षा यायची तेव्हा शिवम्मा खुरडत फाटकापर्यंत जायची. पोरीची वेणी कोण घालतं हे तिला दिसलं तेव्हा ती कठड्यापाशी उभी होती: शशिधर अंगणात पाटावर बसला होता, गिरिजा त्याच्या गुडघ्यांत, आणि त्याची पंपाचे नट आवळणारी जाड बोटं तीन पेड एकावर एक टाकत होती. पहिल्या दिवशी ती वेणी दोरखंडासारखी झाली होती. आता नीट येत होती. शांभवीला आधी बरं वाटलं. होईल यांचं, तिला वाटलं, माझ्यामागं होईल. मग ते "माझ्यामागं" तिच्या कानांत राहिलं. ती उभी होती तिथनंच तिला सगळं दिसत होतं, तिच्याशिवायचं घर, आणि त्यात कुठंही खड्डा पडलेला नव्हता. पाण्यात दगड टाकावा, चार वर्तुळं उठावीत, आणि पाणी पुन्हा सपाट व्हावं. मरून गेलेली बाई कठड्याला टेकून आपल्या अंगणाकडं बघत असेल तर तिला असंच दिसेल. तिनं हाक मारली, "गिरू!" गिरिजानं वर बघितलं, हात हलवला, जसा रिक्षातनं शेजाऱ्यांना हलवायची तसा, आणि पुन्हा पप्पांशी बोलायला लागली. रेघेपाशी येणं तिनं दोन दिवसांपूर्वीच सोडलं होतं. त्यात पोरीची काय चूक? आपण खाली गेलो तर कुणी अडवणार नव्हतं. नुसतं उतरायचं होतं. पण उतरलं की सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं वाक्य तिनं कितीदा तरी जुळवलं तरी प्रत्येक वेळी ते एका दुष्ट बाईचं वाक्य व्हायचं.

एका दुपारी शाळेची रिक्षा वेळेआधीच आली. शशिधर माल आणायला सांगलीला गेला होता. शांभवीला खालून शिवम्माचा आवाज ऐकू आला, "अगं अगं, अंग किती तापलंय हिचं!" मग ओकारीचा आवाज. बादली सरकवल्याचा. मग फोनवर, गल्ली ऐकेल असा, "शशी, पोरगी तापानं फणफणलीया. सारकी उलटी कराय लागलीया. तू कवा येतोस?" शांभवी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. खाली रडणं चाललं होतं, आणि त्या रडण्यात "अज्जी, अज्जी" होतं. तिनं कान लावला. अज्जीच होतं. बऱ्याच वेळानं, दमलेल्या आवाजात, एकदाच, हाक मारल्यासारखं नाही तर नुसतं आठवल्यासारखं, पोर म्हणाली, "मम्मी."

ती रेघ ओलांडून खाली आली. झोपायच्या खोलीच्या दारात शिवम्मा उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. "थांब. आत येऊ नगंस."

"अत्ती, सरा."

"डाक्टरनं सांगितलंय न्हवं? आदीच पोरीच्या अंगात ताप. त्यात तुजं ते लागलं म्हंजे?"

"काय लागत न्हाई. संपलंय ते."

"कवा संपलं?"

"गेल्या आठवड्यात." "दवाखान्यातनं फोन आलाच नव्हता. मीच म्हटलं तसं."

शिवम्मा तिच्याकडं बघत राहिली. हात चौकटीवरनं निघाले नाहीत. आत पलंगावर गिरिजा कूस बदलत होती, तिचं लाल झालेलं कानशील शिवम्माच्या काखेखालून दिसत होतं. "म्हंजे खोटं सांगितलंस?"

"व्हय."

"मग आता मी कुठलं खरं मानू? तवाचं का आत्ताचं?"

म्हातारीचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या तोंडातनं निघालेल्या कुठल्याच शब्दावर आता त्या दारातनं आत जाता येत नव्हतं. "यांना फोन लावा," ती म्हणाली. "ते दवाखान्यात विचारतील." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, दाराबाहेर, फरशीवर. शिवम्मानं फोन लावला. मुलाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द मऊ न करता. पलीकडं शशिधर काय बोलला ते ऐकू आलं नाही. मग वाट बघणं. आत शिवम्मा पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती, पाणी पिळल्याचा आवाज येत होता, आणि हातभर अंतरावर शांभवी बसली होती. गेल्या पंधरवड्यात ती इतकी जवळ आली नव्हती आणि इतकी लांबही नव्हती. वरच्या खोलीत भीती तिच्या एकटीची होती, तिच्यात एक ऐट होती. इथं फरशीवर बसून जी भीती वाटत होती तिच्यात ऐट नव्हती, तिच्यात शांभवीचा जीवच नव्हता, होता तो त्या लाल कानशिलात. तिला मरणाचं काही वाटत नव्हतं. तिला फक्त आत जायचं होतं.

फोन वाजला. शिवम्मानं ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं, आणि दारातनं बाजूला झाली. शांभवी पलंगाशी गेली. गिरिजानं डोळे उघडले, आईला बघितलं, आणि भिंतीकडं सरकली. "मम्मी, लांब हो. पप्पा रागावतात." "न्हाई रागावत आता. संपलं ते." पोरीनं अज्जीकडं बघितलं. अज्जीनं मान हलवली. तरी पोर भिंतीला पाठ लावूनच राहिली. शांभवी पलंगाच्या कडेला बसली आणि हात लांब करून तिच्या कपाळावर पट्टी ठेवली.

तीनेक तासांनी शशिधर आला. त्यानं पोरीला उचललं, डॉक्टरकडं नेलं, शांभवीला ये म्हणाला नाही आणि येऊ नको असंही म्हणाला नाही, म्हणून ती मागं जाऊन बसली. साधा ताप होता, साथीतला. परत आल्यावर औषध पोटात टिकलं, पोरगी झोपली. स्वयंपाकघरात शशिधर हात धूत होता. बराच वेळ धूत होता. "त्या फोनचं ऐकल्यावर दुकानात काउंटरखाली तोंड घालून रडलो मी," नळाकडंच बघत तो म्हणाला. "गिऱ्हाईक उभं हुतं म्होरं. पडलंय कायतरी म्हटलं, शोधालोय म्हटलं."

"मला काय माहीत?"

"तुला कसं माहीत असणार? तू वर हुतीस."

"ऑपरेशनच्या वेळेला का न्हाई रडलासा?"

"तवा डॉक्टर म्हणालता की चांगला..." तो थांबला.

"तुम्ही सगळी चांगला म्हणत हुता. मला भ्या वाटत हुतं. मला कुठं भ्यायचं तेच कळंना."

शशिधरनं नळ बंद केला. तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. त्यानं पंच्याला हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि म्हणाला, "म्हणून मला भ्या दाखवलंस?" त्यात विचारणं नव्हतं. तो बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला. पुढं काही दिवस तो तिच्याशी लागेल तेवढंच बोलला. गोळी घेतलीस का, एवढं मात्र रोज सकाळी विचारत राहिला, तिच्याकडं न बघता. गिरिजाला बरं वाटलं, ती शाळेला जाऊ लागली, वेणी तिला पप्पांकडनंच हवी असायची. झोपायला ती अज्जीच्या कुशीत जायची. गल्लीत बायडाबाईनं विचारलं, "बरी झालीस न्हवं?" तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "अजून काय सांगता येत न्हाई," आणि बायडाबाई पदर सावरत पुढं निघाली.

रविवारी वरची खोली आवरायला ती गेली. पंपाचे खोके पुन्हा वर आणायचे होते. ती गादी गुंडाळणार एवढ्यात जिन्यावर कण्हल्याचा आवाज आला. शिवम्मा येत होती, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. इतक्या वर्षांत ती वर आलेली शांभवीनं बघितली नव्हती. "अत्ती, कशाला आलासा? गुडघे दुखतील." शिवम्मा आत आली, खाटेवर बसली, खिडकीतनं बाहेर बघितलं. ऊस, रूळ, आभाळ.

"हितं बसायचीस व्हय?"

"गच्चीवर. खुर्ची टाकून."

"आनि काय करायचीस?"

"काय न्हाई."

शिवम्मानं पदरानं तोंड पुसलं. "माज्या लग्नानंतर आमच्या शेजारला मराठ्यांचं घर हुतं. त्यातल्या बाया म्हैन्याचं चार दिवस बाजूला बसायच्या. भाईरच्या सोप्यात. शिवायचं न्हाई, रांधायचं न्हाई, पोरगं रडलं तरी उठायचं न्हाई. मी त्यांची कीव करायचो. आपल्यात तसलं काय न्हाई म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगायचो." ती थांबली. "एकदा शशी पोटात असताना, चुलीम्होरं बसलोतो, कंबर मोडून आलती. भिताडापलीकडं त्या बसल्या हुत्या, पाय पसरून, गप्पा हाणत. तवा वाटलं, ह्येनला निदान चार दिवस तरी हाईत. आपल्याला ते बी न्हाईत." तिनं शांभवीकडं बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती. "पोरीला भ्या घातलंस ते वाईट केलंस. शशीला रडवलंस. ते मी इसरणार न्हाई." मग तिनं पाय वर घेतले, एक, मग दुसरा, आणि गादीवर आडवी झाली. "पंखा लाव."

शांभवीनं पंखा लावला. म्हातारीनं डोळे मिटले. झोपलेली नव्हती, पण चेहऱ्यावरची सगळी घडी उलगडत होती, आणि शांभवीला तो चेहरा अनोळखी वाटला. खालून गिरिजाची हाक आली, "अज्जीऽ!"

शिवम्मा हलली नाही. "जा तू," डोळे न उघडता ती म्हणाली. "सांग तिला, अज्जी बाजूला बसलीया म्हणावं."

शांभवी बाहेर आली. दार तिनं आपल्यामागं ओढून घेतलं. खालून पुन्हा हाक आली, जरा रडवेली, "अज्जीऽ, कुठं हाईस?"

"अज्जी वर हाय," जिन्यावरनं शांभवी म्हणाली. "मी येतो."

खाली सगळं गप्प झालं. पोर उभी असेल, ऐकत असेल, किंवा निघूनही गेली असेल. शांभवी उतरत राहिली.